डाव्या हाताची कात्री : आठ इंच, सोळाशे पन्नास रुपये

गेल्या महिन्यात मी एक कात्री विकत घेतली. तीस वर्षे शिवणकाम करणाऱ्या बाईने कात्री घेतली, यात एरवी लिहिण्यासारखे काही नाही. परंतु ही कात्री डाव्या हाताची आहे, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्या हाताची कात्री पहिल्यांदाच हातात आल्यावर जे वाटले ते किंमत आणि धार एवढ्यावर संपणारे नसल्यामुळे हा अभिप्राय थोडा लांबणार आहे. ज्यांना फक्त व्यवहाराचे हवे असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते : कात्री उत्तम आहे, महाग आहे, आणि तिला मनासारखी धार लावून देणारा माणूस मला मुंबईत अजून सापडलेला नाही.

दुकान क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे, लोहार चाळीच्या बाजूच्या एका बोळात आहे. नाव देत नाही, कारण मालकांनीच हसत सांगितले की दोन नग उरले आहेत, उगाच गर्दी नको. काचेच्या कपाटात मेरठच्या पितळी मुठीच्या कात्र्या उतरत्या क्रमाने मांडलेल्या होत्या. या मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते तिला शोभतेही. माझ्या शेजघरात खिळ्याला टांगलेली दहा इंची मेरठीच आहे आणि तिने माझ्या संसाराला हातभार लावला आहे. मी डाव्या हाताची कात्री मागितली तेव्हा मालक म्हणाले, “ताई, कुठलीही घ्या, डाव्या हाताने चालतेच की.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर वाद घालण्याची सवयच मोडली आहे. मग त्यांनी रबरी मुठीची एक कात्री पुढे केली, जिच्या खोक्यावर ती दोन्ही हातांना चालते असे छापले होते. मी ती डाव्या हातात धरून त्यांच्याच वर्तमानपत्रावर चालवून दाखवली. कागद कापला गेला नाही, पात्यांच्या फटीत घडी होऊन अडकला. त्यावर आतून त्यांचा मुलगा म्हणाला, “पप्पा, ती माळ्यावरची काढू का?” तो स्टुलावर चढला आणि तेलकट कागदात गुंडाळलेले एक खोके घेऊन उतरला. आत जर्मनीतल्या झोलिंगेन गावाची, काळ्या मुठीची, आठ इंची कात्री होती. चाकू आणि कात्र्यांसाठी हे गाव जगभर ओळखले जाते.

आता ती नेमकी वेगळी कशात आहे ते सांगायला हवे, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की डाव्या हाताची कात्री म्हणजे फक्त मुठीचा आकार बदललेली कात्री. कात्री म्हणजे एका खिळ्यावर फिरणाऱ्या दोन सुऱ्या. त्या नुसत्या एकमेकींजवळून गेल्या तर काही कापत नाहीत; एकमेकींना घासून मिटल्या तरच कापतात. मूठ मिटताना आपला अंगठा नकळत बाहेर ढकलत असतो आणि बोटे तळव्याकडे ओढत असतात. हा बाजूचा दाब आपण ठरवून देत नाही, तो हाताच्या ठेवणीतच आहे. नेहमीची कात्री उजव्या हातात असेल तर याच दाबाने पाती एकमेकींना चिकटतात. तीच डाव्या हातात घेतली की तोच दाब उलट लागतो आणि पाती एकमेकींपासून दूर जातात. मग कापड चावल्यासारखे होते, मलमल तर सरळ दुमडून आत जाते. हे टाळायचे तर डावखुऱ्याला अंगठा मुद्दाम उलट्या बाजूला ओढून धरावा लागतो. दिवसभरात बारा ब्लाऊज बेतले की त्या अंगठ्याच्या बुडाशी जी कळ येते ती मला चांगली ठाऊक आहे.

दुसरी अडचण नजरेची. नेहमीच्या कात्रीत उजवीकडचे पाते नेहमी वर असते. उजव्या हाताने कापणाऱ्याला त्यामुळे खडूची रेघ पात्याच्या डाव्या कडेला स्पष्ट दिसते. डाव्या हाताने कापणाऱ्याची रेघ मात्र त्याच पात्याआड जाते. तो रेघेवर नव्हे तर रेघेच्या अंदाजावर कापतो, किंवा मान वाकडी करून पात्यावरून पलीकडे डोकावत कापतो. कात्री उलटीपालटी करून धरली तरी काही फरक पडत नाही. शंख कसाही फिरवला तरी त्याचा पीळ बदलत नाही, तसेच हे आहे.

डाव्या हाताच्या कात्रीत डावे पाते वर असते. बदल एवढाच. मी पहिल्या दिवशी सुती अस्तराचे कापड पसरले, बाहीचा गोल खडूने आखला आणि कापायला घेतले. रेघ दिसत होती. तीस वर्षांत मी कापलेल्या हजारो बाह्यांपैकी ही पहिली बाही होती जी कापताना माझी मान सरळ होती. मी अर्ध्यावर थांबले आणि पुन्हा आखून दुसरी बाही कापली, काही गरज नसताना, नुसती बघायला.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतले टेलर मास्तर बटणे द्यायला आले. या व्यवसायात त्यांचे केस पांढरे झाले आहेत. मी कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजव्या हातात घेऊन कापडाचा तुकडा कापायला सुरुवात केली आणि दोन बोटे कापड जाते न जाते तोच ते पात्यांत गुंडाळले गेले. त्यांनी धार बघितली, खिळा बघितला, पुन्हा कापले, पुन्हा तेच. “बिघडलेली आहे,” मास्तर म्हणाले. मी ती डाव्या हातात घेऊन तोच तुकडा आरपार कापला. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे तुमची अशी तीस वर्षे?” मला आजवर कुणी इतका नेमका प्रश्न विचारलेला नव्हता.

या खरेदीत मला सर्वांत जास्त शिकवून गेली असेल तर ती मी न घेतलेली कात्री, म्हणजे रबरी मुठीची, दोन्ही हातांना चालणारी म्हणून विकली जाणारी. तिची मूठ खरोखर मऊ आहे. अंगठा रुतत नाही, बोटांना जागा आहे, रंगही छान आहे. पाती मात्र जशीच्या तशी उजव्या हाताची आहेत. वेगळेपणाचे स्वागत करण्याची ही पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे : धरायची जागा मऊ करायची आणि पात्यांना हात लावायचा नाही. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेत अध्यक्षांनी प्रत्येकाने आपले मत मोकळेपणाने मांडावे असे तीन वेळा सांगितले. चहा होता, बटाटेवडे होते, ज्येष्ठांसाठी पुढच्या खुर्च्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ उठले आणि त्यांनी कराराच्या दोन कलमांवर शांतपणे, आकडे देऊन आक्षेप घेतला. सर्वांनी ऐकून घेतले, कुणी त्यांना थांबवले नाही. आठवड्याने इतिवृत्त आले, त्यात लिहिले होते : ठराव एकमताने मंजूर. त्या गृहस्थांचे बरोबर होते की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. पण एक मत वेगळे होते एवढी नोंदसुद्धा ज्या कागदाला सोसत नाही, त्या सभेतल्या मोकळेपणाला मी रबरी मूठ म्हणते.

माझे आजोबा मात्र रबरी मुठीचे नव्हते. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर, होते आणि १९२८ साली स्थापन झालेल्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनच्या संस्कारातले होते. चाळीतल्या सत्यनारायणाला ते वर्गणी देत, पण तीर्थप्रसादाला जात नसत, आणि कुणी विचारले तर आपले कारण आवाज न चढवता सांगत. शेजाऱ्यांच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले तेव्हा तिच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाणारे तेच होते. सगळे म्हणतात म्हणून काही खरे होत नाही, हे मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. आणि तेच आजोबा पानावर बसल्यावर मला सांगत, “डावा हात मांडीखाली घे.” मी तसे करी. माझे लहानपणचे जेवण स्वतःच्याच हातावर बसून झालेले आहे. जेवून उठले की हाताला मुंग्या आलेल्या असत.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. डाव्या हाताने जेवू नये या नियमाला कारण होते. पन्नास खोल्यांना मिळून चार संडास असलेल्या चाळीत ते कारण सगळ्यांना समजत असे. पण नियम पानावरून उठून पाटीवर गेला, पाटीवरून वहीत गेला, आणि तिथे त्याच्यामागे कारण उरलेले नव्हते. शाळेत बाईंनी पट्टीने बोटे सरळ केली. त्यामुळे मी आज उजव्या हाताने लिहिते, आणि माझे अक्षर माझ्याच बहिणींच्या अक्षराशेजारी ठेवले तर कुणीतरी धावत्या लोकलमध्ये लिहिल्यासारखे दिसते. कात्री तेवढी डाव्या हातात राहिली, कारण शिवण शिकवणाऱ्या मावशींना त्याची फिकीर नव्हती. ब्लाऊज अंगावर बसतो की नाही एवढेच त्या बघत. विचार करायला मोकळीक देणाऱ्या आजोबांनी हात बांधला आणि विचारांशी काही देणेघेणे नसलेल्या मावशींनी तो सोडला, या गोष्टीचा उलगडा मला पुरता झालेला नाही.

भाषाही आपल्या बाजूने नाही. एखाद्याला बाजूला सारले की तो डावलला जातो; एखादा सरस ठरला की तो उजवा ठरतो; भेदभाव केला की डावे-उजवे केले; क्षुल्लक गोष्ट डाव्या हाताचा मळ. निरुपद्रवी म्हणून सर्वमान्य झालेली डावी गोष्ट एकच, ती म्हणजे दुपारची वामकुक्षी. परंतु जिथे गोष्ट दुर्मीळ असून हवीशी वाटते तिथे हाच समाज तिला डोक्यावर घेतो. नेहमीपेक्षा उलट्या पिळाचा दक्षिणावर्ती शंख देव्हाऱ्यात मानाने बसतो. घरोघरच्या गणपतीची सोंड बहुधा डावीकडे असते, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची उजवीकडे. आणि त्या वेगळेपणामुळे त्याला कुणी बिघडलेला म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि क्रिकेट. या शहरात डावखुरेपणाला खरी किंमत मिळाली ती मैदानावर. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून देणारे कर्णधार अजित वाडेकर डावखुरे फलंदाज होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, त्यात विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. एक डावखुरा, एक उजवा. गंमत अशी की त्यातला उजव्या हाताने खेळणारा सचिन लिहितो डाव्या हाताने. समोर डावखुरा आला की गोलंदाजाची दिशा चुकते आणि क्षेत्ररक्षकांना जागा बदलाव्या लागतात. समोरच्याला सवय नसते म्हणूनच त्याचा फायदा होतो. डावखुरे लोक पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहिले याचा एक तर्क शास्त्रज्ञ असाच मांडतात : समोरासमोरच्या झुंजीत थोडक्यांचे वेगळेपण हेच त्यांचे बळ. निम्मे लोक डावखुरे झाले तर ते बळ उरणार नाही. पण नुसते वेगळे असणे पुरत नाही, हेही मैदानच सांगते. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण संघात डावखुऱ्या फिरकीसाठी जागा होती ती एक, आणि त्या जागी बिशनसिंग बेदी होते. वेगळ्यांसाठी एकच खुर्ची ठेवायची ही रीत मला इतर ठिकाणीही दिसते.

साधारणपणे दहा माणसांत एक डावखुरा असतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे त्या हिशेबाने बारा लाखांच्या आसपास डावखुरे या शहरात असणार. बारा लाख माणसे मेट्रोच्या फाटकावर डावा हात अंगावरून आडवा नेऊन उजवीकडे कार्ड टेकवतात, महाविद्यालयात उजव्या बाजूला फळी असलेल्या खुर्चीत अंग पिळून लिहितात, आणि बोलत नाहीत. दुकानाच्या माळ्यावर उरल्या होत्या दोन कात्र्या. माझ्या स्वयंपाकघरात मला कधीही न छळलेले एकच हत्यार आहे, ती विळी. तिचे पाते जागचे हलत नाही आणि भाजी दोन्ही हातांनी धरायची असते. विळी ज्याने बनवली त्याने कोणता हात पुढे येईल याचा विचार केला असेल असे नाही, पण तिने कुणालाच चुकीचे ठरवलेले नाही.

आता कात्रीचे दोष. खिळा नवा असताना फार घट्ट आहे. पहिले पंधरा दिवस मनगट दुखले, मग शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब दिल्यावर सैल झाला. वजन मेरठीपेक्षा कमी असल्यामुळे जाड कापडाला, विशेषतः जीन्सच्या चार पदरी शिवणीला, ती कमी पडते. रेशमावर मात्र लोण्यासारखी चालते. घरातल्या कुणालाही ती वापरता येत नाही. माझे यजमान तिने दुधाची पिशवी कापायला गेले आणि दूध ओट्यावर सांडून मला विचारू लागले की ही कसली कात्री आणलीस. त्यांना मी तेवढेच म्हटले की धरायची सवय करावी लागते.

मोठी अडचण धारेची आहे. आमच्याकडे दर पंधरवड्याला सायकलला दगड लावलेला धारवाला येतो. त्याने कात्री उघडली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ताई, ही उलटी आहे.” पात्याचा उतार दुसऱ्या बाजूला असल्यामुळे त्याच्या हाताला बसलेल्या सवयीप्रमाणे दगडावर धरली असती तर धार लागण्याऐवजी उतारच खराब झाला असता. तो प्रामाणिक माणूस. त्याने पैसे नाकारले आणि कात्री परत दिली. सध्या मी बारीक पॉलिश पेपर आठ-दहा वेळा कापून काम चालवते, पण तो तात्पुरता उपाय आहे. दुकानदाराने दुरुस्तीची सोय करायला हवी, निदान सोळाशे पन्नास रुपये घेताना ती नाही हे आधी सांगायला हवे होते.

कुणी घ्यावी? जी माणसे डाव्या हाताने रोज कापड किंवा कागद कापतात त्यांनी जरूर घ्यावी. महिन्यातून एकदा पाकीट उघडायला कात्री लागत असेल तर एवढे पैसे घालू नयेत. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे उलट्या कात्रीशी जमवून घेतले आहे त्यांना सुरुवातीला ही खरी कात्रीच चुकीची वाटेल, कारण अंगठ्याला उलट ओढायची सवय लागलेली असते. मलाही दोन दिवस तसेच झाले. लहान मुलांना मात्र पहिलीपासून द्यावी. बोथट टोकाच्या लहान आकाराच्या कात्र्या याच दुकानात साडेतीनशेला आहेत. आमच्या शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला मी तशी एक आणून दिली. जूनमध्ये तिने तिच्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरे स्वतः घातली. कोपरे मोजून, कात्री डाव्या हातात धरून, बालभारतीच्या पुस्तकाची पहिली पाने उघडी टाकून ती कापत बसली होती. त्या पानावर संविधानाची उद्देशिका छापलेली असते, आणि स्वातंत्र्यांच्या यादीत पहिला शब्द विचार हा आहे. तिचे तिकडे लक्ष नव्हते. तिचे लक्ष रेघेवर होते.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. खोक्यावरच्या शब्दांवर विसंबू नये. कात्री टोके पुढे करून उघडून धरावी आणि डावीकडचे पाते वर आहे का ते स्वतः बघावे. मग वर्तमानपत्राचा एकच पातळ कागद कापून पाहावा. जाड पुठ्ठा कोणतीही कात्री कापते, त्याने काही कळत नाही.

जाड कापडासाठी मी त्यांच्याकडे दहा इंची मागवली आहे. पाचशे रुपये आगाऊ दिले. मुलाने पावतीवर लिहिले : उलटी कात्री, १ नग. मी त्याला पेन परत दिले आणि ते खोडून डावी कात्री असे लिहायला सांगितले. त्याने लिहिले, खाली सही केली आणि म्हणाला की माल दिवाळीनंतर येईल, फोन करून या.